न बोललेले दुखणे

आमच्या मंगळवेढ्यात ज्वारीची काढणी, पावसाची ओढ, गुडघेदुखी यांविषयी बायका ओट्यावर बसून मोकळेपणाने बोलतात. कमरेखालच्या दुखण्याचे मात्र नावही निघत नाही. आमच्या मावशीने असे एक दुखणे तीन वर्षे अंगावर काढले. आधी खाज, मग आग, मग लालसर ओला चट्टा. नायटा समजून मलमे झाली, खोबरेल झाले. लुगड्याला डाग पडू लागले तेव्हा कोठे तिने आमच्या आईपाशी तोंड उघडले.

सोलापुरात चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासला, तो 'पॅजेटचा रोग' निघाला. सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली स्तनाग्रावरील या रोगाचे वर्णन केले. क्वचित तो स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाच्या त्वचेवर, बहुधा पाळी गेल्यानंतरच्या वयात उद्भवतो. हा कर्करोगच, पण पुष्कळदा वर्षानुवर्षे त्वचेच्या वरच्या थरातच राहतो. म्हणून तो सवड देतो आणि म्हणूनच फसवतोही.

रोगाची कड डोळ्यांना दिसते त्याच्या पलीकडे असते. त्यामुळे भोवतालची निरोगी भासणारी त्वचाही काढावी लागते. उरलेली जागा नुसत्या टाक्यांनी मिटत नाही.

"डॉक्टर, कोणाची कातडी लावणार?" मावशीने विचारले.

"तुमचीच, मावशी. शेजारची थोडी सरकवायची."

मांडीलगतची त्वचा, खालच्या चरबीसह आणि रक्तपुरवठा न तोडता, सरकवून तेथे बसवली गेली.

ही विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या त्वचेचे नाक मिळाले, ते वृत्त १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आले. कापलेले नाक जगाला दिसते. हे दुखणे दिसत नाही, म्हणून ते बोलावेच लागते.

बोलण्याने काय साधते, हे आपल्याच जिल्ह्यातील बार्शीने दाखविले आहे. तेथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव लक्षणे समजावीत हिंडले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर उपचारांस येऊ लागल्या.

पॅजेटचा रोग पुनःपुन्हा उलटतो, म्हणून मावशीच्या तपासण्या चालूच आहेत. आमच्या घरच्या लेकीसुनांना ती आता स्वतःच बजावते: मलमाने महिनाभरात खाज गेली नाही, तर लाजू नका, तुकडा तपासून घ्या.