सोनार आणि कान

दिवाळीच्या चार दिवसांत मराठी घरांतून जितके टीकाकार निपजतात तितके साहित्य संमेलनाच्या मांडवातही सापडायचे नाहीत. चकलीचा पहिला घाणा कढईतून उतरतो न उतरतो तोच, ज्यांनी जन्मात कधी सोऱ्या हातात धरलेला नाही असे दोनतीन पुरुष निकाल देऊन मोकळे होतात, 'जरा मऊच पडली!' पहाटेपासून भाजणीशी झटणाऱ्या माउलीच्या कपाळाला आठी पडते. ती बोलत नाही. पण तिच्या मनात जे येते ते जगातल्या झाडून साऱ्या कलावंतांच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेले असते. 'एकदा स्वतः करून बघा, आणि मग बोला!'

मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो खरा नव्हे. चकली मऊ पडली हे सांगायला चकली करता यावी लागत नाही. तोंडात दात असले म्हणजे पुरे. घरातले तीन वर्षांचे पोर ती अर्धी खाऊन खाली टाकते तेव्हा त्यानेही आपला अभिप्राय नोंदवलेलाच असतो. एवढ्यात माजघरातून आजी येते. ती चकली खातसुद्धा नाही. नुसती बोटांत धरून मोडते आणि म्हणते, 'आच मोठी झाली गं. वरून लाल दिसते, आत कच्चीच राहिली.' पुढच्या घाण्याला उपयोग होतो तो आजीच्या या एका वाक्याचा. हे सगळे कबूल. पण आजी माजघरातून उठून आली ती कुणाच्या कुरकुरीमुळे?

कान टोचावेत ते सोनारानेच, असे आपले वाडवडील सांगत आले. बरोबरच आहे. तार किती बारीक हवी, पाळीला नेमके कुठे भोक पाडावे, हे त्यालाच ठाऊक. परंतु दुखते कुठे आणि किती, हे सोनाराला कसे कळावे? ते ज्याचा कान त्यालाच कळणार. म्हण रचणाऱ्याने सोनाराचे कसब पाहिले. मांडीवर पालथ्या पडलेल्या पोराचे रडणे त्याने ऐकलेच नाही, अशी मला दाट शंका आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये अपेलीस नावाचा एक थोर चित्रकार होऊन गेला. त्याची एक गोष्ट प्लिनी या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवली आहे. अपेलीस आपली चित्रे येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी मांडून ठेवी आणि स्वतः मागे दडून लोकांचे बोलणे ऐके. एके दिवशी जोडे शिवणाऱ्या एका कारागिराने चित्रातल्या वहाणेचा एक बंद कमी असल्याचे दाखवले. अपेलीसने रातोरात तो काढला. दुसऱ्या दिवशी आपला शब्द मानला गेला हे पाहून तो कारागीर चढला आणि चित्रातल्या पायालाही नावे ठेवू लागला. तेव्हा चित्रकार संतापून बाहेर आला आणि म्हणाला, 'बाबा, वहाणेच्या वर जाऊ नकोस!'

ही गोष्ट शतकानुशतके चित्रकाराच्या बाजूने सांगितली गेली. मला मात्र ती नेहमी अर्धवट वाटत आली आहे. अहो, जो माणूस जन्मभर लोकांचे पाय हातात घेऊन बसला, त्याच्याइतके पायाचे ज्ञान त्या शहरात आणखी कुणाला असणार? फ्रान्सचा नाटककार मोलिएर आपली प्रहसने घरच्या मोलकरणीला वाचून दाखवी आणि ती जिथे हसली नाही तिथे लेखणी चालवी, असे सांगतात. तिला त्याने वहाणेच्या वर जाण्याची बंदी केली नसावी.

आता मी स्वतः यांपैकी कोणत्या पंगतीला बसणारा? दहावीच्या, म्हणजे जुन्या बोलीत मॅट्रिकच्या, पुढे माझे गाडे गेले नाही. लहान मुलांना शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. प्राध्यापकांच्या बैठकीत मी अडाणी असतो आणि आमच्या गल्लीत विद्वान. एकाच संध्याकाळी दोन्ही मान पदरात पडण्याचे भाग्य मला अनेकदा लाभले आहे. गोष्ट कुठे लांबली हे मला माझ्या वर्गाइतके स्पष्ट कुणीच सांगितलेले नाही. मुले तोंडाने काही बोलत नाहीत. बाकाखालचे पाय हलू लागतात.

आमचे ओझर या बाबतीत मला फार शहाणे गाव वाटते. बाहेरच्यांना ओझर म्हटले की विमानांचा कारखाना आठवतो. तो 1964 साली मिग विमानांसाठी उभा राहिला, आणि आज तिथे सुखोई पाहिलेली पिढीसुद्धा त्याला 'मिग'च म्हणते. विमानाच्या जगात एक चांगली रीत आहे. वैमानिक खाली उतरला की त्याला वर काय जाणवले तेवढे तो लिहून देतो. कोणता नट आवळायचा ते जमिनीवरचे कारागीर शोधतात. पण मला सांगायचे आहे ते विमानाचे नव्हे, पाण्याचे.

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या उजव्या कालव्याच्या अगदी शेपटाला ओझरची शेते. कागदावर ही जमीन ओलिताखाली होती. वावरात ढेकूळ कोरडे. कालव्याचा उतार, पाण्याचा वेग, दारांची मापे हे गणित जाणकारांनीच केलेले होते, आणि ते चुकलेले होते असेही नव्हे. मात्र वाटेतल्या प्रत्येक वळणावर पाण्याला पाय फुटतात, ही गोष्ट त्या गणितात कुठे मांडायची? ती ठाऊक होती शेपटाला बसलेल्या माणसाला. त्याला घनमीटर माहीत नव्हते. पाळी असून चारी कोरडी राहिली एवढेच त्याला सांगता येत होते.

बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने ही तक्रार हातात घेतली. 1991 साली महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन पाणी वापर संस्था इथे उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे आणि मोजून वाटायचे, असे ठरले. मला यातले विशेष वाटते ते असे, की ज्यांना नुसते 'पाणी येत नाही' एवढेच म्हणता येत होते ते मापाची भाषा शिकले, आणि ज्यांना माप येत होते त्यांनी चारीपर्यंत चालत येऊन पाहिले. पुढे वाघाडच्या लाभक्षेत्रात अशा 24 संस्था झाल्या आणि साऱ्या प्रकल्पाचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. शेतकऱ्यांकडे सिंचनाची व्यवस्था सोपवणारा कायदा राज्याने 2005 साली केला. ओझर त्याच्या चौदा वर्षे आधी कामाला लागले होते.

वाङ्मयाच्या कालव्यावर मात्र हे इतक्या सहज घडत नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीत जाणकार होते. त्यांनी ते पसंत केले नाही, आणि ते नाटक छापून निघायला 1979 साल उजाडले. मधल्या काळात 'निबंधमाला'कार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका वेचून त्यांची यथेच्छ थट्टा केली. शास्त्रीबुवा मराठी गद्याचे सोनार होते, यात मला तरी संशय नाही. त्यांनी दाखवलेल्या चुकांतल्या काही चुका असतीलही. पण समोरचा माणूस दुखते म्हणून ओरडत असता त्याच्या ओरडण्यातला ऱ्हस्वदीर्घ तपासणे, ही टीका जाणकाराची असली तरी तिला कान नव्हते. 1885 साली ग्रंथकार सभेचे आमंत्रण आले तेव्हा जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्यांना आमचे दुःख ठाऊक नाही त्यांच्या सभेत आमचे काय काम, असा त्या पत्राचा आशय आहे.

आणि याच मराठीत दुसरे उदाहरणही आहे, म्हणून तर माझा सोनारावरचा विश्वास उडत नाही. आमच्या शेजारच्या खानदेशात, जळगावच्या बहिणाबाई चौधरी शेतात आणि जात्यावर गाणी रचत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या आणखी एका आप्ताने त्यातली काही टिपून ठेवली होती. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. पण आईची ती वही दाखवताना त्यांनाच संकोच वाटत होता, म्हणतात. वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. शेतातल्या बायांनी ती गाणी वर्षानुवर्षे ऐकली होती, त्यांच्या हातातली खुरपी त्यांवर चालली होती. पण हे काव्य आहे असे त्यांपैकी कुणी म्हटले असते तरी ते ऐकून घेणार कोण? तिथे अत्र्यांसारखाच माणूस हवा होता. आणि अत्र्यांनी तरी त्या बोलीला पुस्तकी मराठीचा गज लावला नाही.

एवढा इतिहास मी उगाळला त्याचे कारण घरगुती आहे. मागे मी एक कादंबरी लिहिली. कालव्याच्या शेपटाला राहणाऱ्या एका विधवा म्हातारीच्या घराची ती कथा. त्यात एक प्रकरण असे आहे, की पाण्याची पाळी आहे म्हणून म्हातारी रात्रभर चारीवर बसते. पाणी येत नाही. उजाडल्यावर ती घरी येते आणि चूल सारवायला घेते. बस्स. हस्तलिखित मी नाशिकच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकांकडे दिले. त्यांनी पेन्सिलीने समासात बारीक अक्षरांत टिपणे करून ते परत केले, आणि या प्रकरणावर उभी रेघ मारली होती. 'कथानक पुढे सरकत नाही. गाळावे.' एका प्रकाशकाचेही तेच म्हणणे पडले. गाळा, म्हणजे छापतो. नाहीतर राहू द्या. दोन वर्षे ते बाड माझ्या टेबलावर पडून होते.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. द्राक्षबागांत मजुरीला जातात. वाचता येत नाही, पण ऐकायची हौस दांडगी. 'काय लिहू राहिले गुरुजी?' म्हणून त्यांनी विचारले आणि मी संध्याकाळी प्रकरणे वाचून दाखवू लागलो. मावशी डाळ निवडत ऐकत. कित्येकदा मधेच उठून भाकरी टाकायला जात, आणि मी ते मुकाट्याने ध्यानात ठेवी. त्या प्रकरणाशी आलो तेव्हा त्यांचा हात सुपातच थांबला. पार शेवटपर्यंत थांबला.

'काय झालं, मावशी?'

'काय माहीत, गुरुजी. तिचे हातच दिसू राहिले मला.' मग जरा वेळाने म्हणाल्या, 'पण येऊ द्या ना पाणी तिच्या वावरात. पुस्तक तुमचंच आहे ना?'

पाणी काही मी आणू शकत नव्हतो. पण सुपातल्या हाताची हकीकत मी प्राध्यापकांना जाऊन सांगितली. दुसरा कुणी असता तर हसला असता. ते गप्प राहिले आणि म्हणाले, 'ते प्रकरण ठेवून जा.' आठ दिवसांनी त्यांचे पत्र आले. साऱ्या कादंबरीत जो तो पाण्याविषयी बोलतो. या एका प्रकरणात पाणी हा शब्द कुणीच उच्चारत नाही, म्हणून तो हात थांबला असावा, असे त्यांनी लिहिले होते. हे प्रकरण कालव्याच्या उद्घाटनाच्या सभेआधी घ्या, आणि त्याच्या मागून येणारे मुलांचे दोन पानी भांडण काढा, अशी सूचना होती. ते प्रकरण माझ्या हातून लिहिले गेले होते, पण त्यात काय आहे हे मला त्या पत्रावरून कळले. आणि मावशींचा हात थांबला नसता तर ते पत्र लिहिलेच गेले नसते.

मी त्यांची सूचना मानली. दुसऱ्या एका प्रकाशकाने पुस्तक काढले. प्राध्यापकांनी त्याच्यावर एका मासिकात चांगले लिहिले. मात्र ते प्रकरण किंचित रेंगाळते, असे त्यातही नमूद करायला ते विसरले नाहीत. त्यांचा तो प्रामाणिकपणा मला आवडला.

छापील पुस्तक मी मावशींना पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवले. दिवस गोडी छाटणीचे. बागेतून दमून आलेल्या, तरी शेवटपर्यंत बसल्या. मी पुस्तक मिटल्यावर त्यांनी विचारले, 'ते पोरांचं भांडण कुठं गेलं, गुरुजी? त्यात धाकटा खरं बोलू राहिला होता.'

ती दोन पाने माझ्या जुन्या वहीत अजून आहेत. यंदा दुसरी आवृत्ती निघायची आहे, आणि प्राध्यापकांना मी अद्याप काही कळवलेले नाही.