गारखेड्याची धूळ, आखाताची धूळ

एप्रिलच्या दुपारी सूतगिरणी चौकातून शहानूरमियाँ दर्ग्याच्या दिशेने पायी निघालात, तर शंभर पावलांत दातांखाली बारीक कच लागते. गारखेडा हे एके काळी शेतांनी वेढलेले खेडे होते. आता छत्रपती संभाजीनगर शहराने ते पोटात घेतले आहे. विभागीय क्रीडा संकुल, पुंडलिकनगर, शिवाजीनगर अशी वस्ती एकाला एक लागून आहे. दक्षिणेला बीड बायपास आणि त्यापलीकडे साताऱ्याचा डोंगर. पावसाळ्यानंतर हा डोंगर हात लावावा इतका जवळ दिसतो. उन्हाळ्यात वारा सुटला की तो धुरकट होतो आणि गच्चीवर वाळत घातलेल्या शेवया घाईने उचलाव्या लागतात.

ही धूळ कुठली? बरीचशी इथलीच. रस्त्याच्या कडेचा मुरूम, बांधकामाची वाळू, नळाच्या पाइपसाठी खोदून तशीच सोडलेली माती आणि शहराबाहेरची नांगरून उघडी पडलेली काळी शेते. मोठे कण थोडे उडून जवळच पडतात. पण पडताना जमिनीवर आपटून बारीक कण मोकळे करतात. हे बारीक कण अनेक दिवस हवेत राहून हजारो किलोमीटर जातात.

आपल्यापैकी अनेक घरांतले कोणी ना कोणी कुवेत, सौदी किंवा दुबईला कामाला असते. ‘आज गुबार आहे, बाहेर पडलो नाही,’ असे तिकडून फोनवर सांगतात. पश्चिम आशियाच्या वाळवंटातली ही धूळ अरबी समुद्रावरून आपल्याकडेही येते. जानेवारी २०२२ मध्ये कराचीकडून आलेल्या धुळीने सौराष्ट्र ओलांडून मुंबई गाठली. सूर्य फिका पडला, गाड्यांवर पांढरट थर बसला आणि मुंबईत दिवसाचे तापमान २४ अंशांच्या आसपास राहिले. धूळ ऊन अडवते, ते असे.

पण या धुळीला नुसती दूषणे देऊन चालणार नाही. सहारा वाळवंटातून उडालेली धूळ अटलांटिक महासागर ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर पडते आणि तिथल्या झाडांना फॉस्फरस पुरवते. समुद्रात पडलेल्या धुळीतले लोह सूक्ष्म वनस्पतींना मिळते. त्यांच्यावर मासे जगतात. अरबी समुद्रावरची धूळ उन्हाची उष्णता शोषते, तिथली हवा तापते आणि भारताकडे बाष्प ओढले जाते. अशा वेळी आठवडाभरात मध्य भारतातला पाऊस वाढतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या मराठवाड्याने हे लक्षात ठेवावे. उलट हीच धूळ हिमालयाच्या बर्फावर बसली की बर्फ काळवंडतो आणि लवकर वितळतो.

जगात दरवर्षी सुमारे २०० कोटी टन धूळ हवेत जाते. त्यातला अंदाजे चौथा हिस्सा माणसाच्या करणीचा आहे. मध्य आशियातल्या अरल समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवले गेले. समुद्र आटला आणि त्याच्या तळाची खारट धूळ आसपासच्या गावांच्या छातीत गेली. ज्या चौकाला सूतगिरणीचे नाव आहे, तिथल्या कापूस पिकवणाऱ्या मुलखाला ही गोष्ट परकी वाटू नये.

वाळवंटाचा वारा आपल्या हातात नाही. आपल्या गल्लीचा धुरळा आहे. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. त्याचा पहिला फटका लहान मुलांना, दम्याच्या वृद्धांना, सकाळी झाडू मारणाऱ्या बायांना आणि खडी फोडणाऱ्या मजुरांना बसतो. खडीच्या बारीक भुकटीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. हवा सुधारण्यासाठी २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपले शहर आहे. त्या कार्यक्रमाचा फायदा आपल्या गल्लीपर्यंत यावा, हे नगरसेवकाला विचारण्याचा हक्क आपला आहे.

घरातही बरेच करता येते. कोरड्या झाडूऐवजी ओला कपडा फिरवावा. बांधकामाची वाळू झाकायला लावावी. वावटळीच्या दिवशी दम्याच्या रुग्णाने घरात थांबावे. बाहेर जावेच लागले तर ओढणी-रुमालावर न भागवता एन-९५ मास्क लावावा. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. रस्त्यावर शिंपडायला ते कुठून आणणार? पण मशिदीत वजूचे पाणी रोज वाहून जाते. ते गटाराऐवजी आवारातल्या कडुनिंबाला आणि रस्त्याकडेच्या रोपांना दिले, तर मुळे माती धरून ठेवतील. मुळांनी धरलेली माती वाऱ्याच्या हाती लागत नाही. गारखेड्यातल्या एका गल्लीने या उन्हाळ्यात एवढे केले, तरी पुढच्या एप्रिलमध्ये तिथल्या गच्चीवर शेवया थोड्या निर्धास्तपणे वाळतील.