पनवेल ते नागपूर : अंतर किती, वेळ किती?

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. त्यासाठी पनवेल तालुक्यातील दहा गावांच्या लोकांना आपली घरे सोडावी लागली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले. पहिल्या विमानांच्या शहरांत नागपूरही होते. तेव्हा आपल्या वस्त्यांत साहजिकच विचारले जाते, दीक्षाभूमी आता किती तासांवर आली?

नकाशावर सरळ रेघ ओढली तर हे अंतर सुमारे ६७० किलोमीटर भरते. रेल्वे मात्र मुंबईहून इगतपुरी, भुसावळ, अकोला, वर्धा असे करीत ८३७ किलोमीटर धावते. विमानाचा वेग ताशी सुमारे ८०० किलोमीटर. त्या हिशेबाने तासाभराच्या आत पोहोचायला हवे. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यात वेळ जातो. म्हणून वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास दाखवतात.

आता घरचा हिशेब मांडू. घरातून विमानतळापर्यंत एक तास, तपासणीसाठी दोन तास आधी हजर राहणे, दीड तास प्रवास, सामान घेऊन दीक्षाभूमी गाठायला आणखी तासभर. म्हणजे साडेपाच तास झाले. रेल्वेने पनवेलहून लोकलने ठाणे गाठावे लागते, तेथून नागपूर बारा ते पंधरा तास. एक अख्खी रात्र वाचते, हे खरे.

पण रात्र वाचली तरी पैसे वाचत नाहीत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास गर्दी वाढते तसे विमानाचे भाडेही चढते. शिवाय देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलो सामान आणि हातात सात किलो एवढीच मुभा असते. दीक्षाभूमीवरून पुस्तकांची पिशवी भरून आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पाच जणांच्या कुटुंबाला आजही रेल्वेच परवडते.

मग विमान कोणासाठी? गुडघे धरलेल्या आजीसाठी. डब्यातली गर्दी आणि रात्रभराचे बसणे सोसत नाही म्हणून ज्यांचे जाणे राहिले, त्यांच्यासाठी. मुलांनी, सुनांनी मिळून वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकावे, गर्दीचा आठवडा टाळून तिकीट आधीच काढावे आणि सोबत घरातले एक माणूस द्यावे. बाकीच्यांनी खुशाल रेल्वेने जावे.

११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब, माईसाहेब आणि नानकचंद रत्तू दिल्लीहून विमानानेच नागपूरला आले होते. १४ तारखेला लाखो माणसे जमली, ती रेल्वेने, बैलगाडीने, पायी चालत आली होती. २००५ साली नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. आजी तिथे उतरेल, तेव्हा दारावरची ती पाटी तिला वाचून दाखवा.