दात सुटे, ओठ मिटलेले

२०१५ च्या मार्चमध्ये माझा उजवा कान दुखायला लागला. तेव्हा मी रत्नागिरीत गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होते. एका आजींच्या माडीवर आम्ही चौघी राहत होतो. सकाळी उठलं की ठणका, घास चावताना कानापुढे कट्ट आवाज, दुपारपर्यंत कानशील जड. परीक्षा तोंडावर असताना हे कुणाला सांगत बसायचं? आजींनी लसणीचं तेल कोमट करून कानात घातलं, पण गुण आला नाही. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान स्वच्छ आहे, दातांच्या डॉक्टरांना दाखव.

दातांच्या डॉक्टरबाईंनी दातांआधी माझ्या गालांना हात लावला. "दात दाबून धर," म्हणाल्या. गालावर फुगलेला स्नायू त्यांनी बोटानं चेपला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जबड्याचा सांधा कानाला खेटूनच असतो, त्याची कळ कानात उतरते. "झोपेत दात खातेस का गं?"

मला ठाऊक नव्हतं. माडीवर येऊन विचारलं, तर देवरूखची मैत्रीण म्हणाली, "रोज खातेस. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." आमच्या घरी दात खाणाऱ्या पोराच्या पोटात जंत असतात, एवढंच माहीत होतं.

त्या रात्री बोलणं थांबेना. तिचीच अक्कलदाढ अर्धवट वर आलेली. हिरडी सुजून तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. दाढेखाली लवंग धरून ती वाचत बसायची. लांज्याच्या मुलीचं दर परीक्षेआधी तोंड यायचं. चौथीची किडकी दाढ दिवाळीपासून ठणकत होती. चौघींत चौघी! सतरा ते पंचवीस ही अक्कलदाढेचीच वर्षं, त्यात जागरणं आणि ताण. तरी प्रत्येकीला वाटत होतं, हे आपलं एकटीचंच. कुणाला ताप आला असता, तर बाकीच्या तिघी उशाशी बसल्या असत्या. तोंडाच्या दुखण्याला आम्ही दुखणंच मानत नव्हतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून माझे तळलेले गरे बंद झाले. मऊ भात नि मेतकूट, गालाला शेक, रात्री दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी. शिवाय एक सवय: ओठ मिटलेले, दात सुटे. चावण्या-गिळण्यापुरतेच दात एकमेकांना टेकायचे असतात, हे मला विसाव्या वर्षी कळलं. लांज्याच्या मुलीनं "दात सुटे!" असं लिहून कागद माझ्या टेबलासमोर चिकटवला.

शेवटचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी देवरूखची मैत्रीण दाढ काढायला गेली. आम्ही तिघी बाहेरच्या बाकावर बसून होतो.