तुटलेल्या जोडणीचा हिशेब

व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये पतसंस्थेचं सॉफ्टवेअर लिहिताना एक गोष्ट मनोमन गृहीत धरलेली असे: सर्व्हरशी तार शाबूत आहे. रेकॉर्डसेट उघडायचा, एका नोंदीवर बोट ठेवायचं, मूव्हनेक्स्ट म्हणत पुढे सरकायचं. नोंदीला कडक कुलूप घातलेलं असेल आणि कारकून खातं उघडं टाकून चहाला गेला असेल, तर त्या खात्यापुरतं शेजारच्या टेबलाने हात बांधून बसायचं. बीडमध्ये भारनियमनाच्या त्या दिवसांत तार शाबूत असणं हीच चैन होती.

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट आलं आणि त्यासोबत डेटासेट. हवी तेवढी माहिती उचला, जोडणी बंद करा, मेमरीत काम करा, बदल नंतर नेऊन द्या. आम्ही जुनी मंडळी कुरकुरलो. ‘चालू नोंद’ नावाची चीजच नाही म्हणजे काय?

खरं तर मोंढ्यात दुकानोदुकानी फिरणारा पिग्मी एजंट रोज हेच करत होता. उडुपीच्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये सुरू केलेली ही रोजच्या बचतीची रीत आमच्या पतसंस्थांनीही उचलली. सकाळी खाती मशीनमध्ये भरून घ्यायची, दिवसभर पैसे गोळा करायचे, संध्याकाळी मशीन संस्थेत रिकामं करायचं. मधल्या वेळात संस्थेशी संबंध नाही. डोळ्यांसमोर होतं, पण आमच्यापर्यंत ते अमेरिकेहून यावं लागलं!

पेच येतो परतताना. डेटासेट बदललेल्या ओळीची उचलली तेव्हाची किंमत आणि आताची किंमत, दोन्ही सांभाळतो. अपडेटच्या वेळी जुनी किंमत टेबलात तशीच आहे का, हे नेहमीच्या पद्धतीत तपासलं जातं. मध्ये कुणी हात लावला असेल, तर ती ओळ लिहिलीच जात नाही, एरर येते. इथवर यंत्र चोख. पण दुपारी खातेदाराने काउंटरवर पैसे काढले आणि त्याआधी एजंटकडेही भरले, तर खरं कुणाचं? दोघांचंही. एरर बरोबर, तरी कामाची नाही.

संस्थेच्या कॅशियरला हे विचारायचीही गरज नव्हती. तो एजंटकडून पावत्या घेई, शिल्लक कधीच नाही. पिग्मीच्या मॉड्यूलमध्ये मग तेच केलं. मशीनमधून फक्त जमेच्या नोंदी परत येतात, बेरीज सर्व्हर करतो. मशीनवरची शिल्लक केवळ दाखवण्यापुरती, आणि तिच्याखाली ती सकाळी किती वाजताची आहे तेही छापलं जातं.