गाडी नेमकी कधी तापते?

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट जुन्या गाडीचं सगळं खरंखोटं बाहेर काढतो. जेमतेम 40 किलोमीटरांत गाडी साडेतेराशे मीटरच्या आसपास वर जाते, तीही बराच वेळ दुसऱ्या गिअरमध्ये. वर पोचेपर्यंत उघड्या भांड्यातलं पाणी 100 अंशांऐवजी 95-96 लाच उकळायला लागतं. रेडिएटरचं झाकण दाब धरत असेल तरच निभावतं. 7 पौंडांचं झाकण शाबूत असलं की उकळी सुमारे 10 अंश लांबते. त्याचं रबर सुकलं की ती सवड गेली. तरी झाकणाकडे सहसा कोणी बघत नाही.

गिऱ्हाईक येतं ते निदान घेऊनच. "मेस्त्री, रेडिएटर चोक झालाय, कोअर बदलून टाका." मी पाना उचलत नाही. आधी विचारतो, गाडी कधी तापते? बाजारात, रांगेत उभी असताना काटा चढतो आणि पळायला लागली की उतरतो, तर पाण्यापेक्षा हवेचा संशय धरावा: सैल फॅन बेल्ट, किंवा कुणीतरी काढून ठेवलेलं पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर दोन-चार मिनिटांतच वरचा होस दगडासारखा कडक झाला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला लागले, तर हेड गॅस्केट. एवढ्या लवकर पाण्याची वाफ होत नाही. तो सिलिंडरमधला गॅस असतो.

नुकतीच एक जुनी महिंद्रा जीप आली होती, प्यूजोच्या परवान्यावर बनलेल्या डिझेल इंजिनाची. बाजारात ठणठणीत, घाटात पाणी फेकायची. मालकाने कोअर नवा टाकला होता, वॉटर पंपही बदलला होता. दुखणं तसंच. गाडी उभी करून काटा वर येईपर्यंत तापू दिली. मग पोराला ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं आणि बॅटरी खालच्या होसवर मारली. रेस वाढली तसा होस मधोमध आत ओढला गेला, पार चपटा झाला. पाय काढला की पुन्हा फुगायचा. खालच्या होसमधून पंप पाणी ओढून घेतो, म्हणून त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते. होस सोडवला तेव्हा तिचे गंजलेले तुकडे हातात आले. थंड असताना रबर ताठ राहतं, त्यामुळे गॅरेजमध्ये बोनेट उघडून बघणाऱ्याला हे दिसणारच नव्हतं. नवी स्प्रिंग, नवा होस. जीप त्याच दिवशी घाट चढून गेली.

थर्मोस्टॅट काढून फेकायची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिचा मला मनापासून राग आहे. "आपल्या हवेत तो कशाला हवा?" असं चांगले मेस्त्रीही म्हणतात. थर्मोस्टॅट नसला की डिझेल इंजिन तापायला वेळ घेतं, थंडच पळत राहतं आणि झिजतं. काही इंजिनांत तर तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्तच तापते. तपासायला खर्च नाही. पातेल्यात पाणी तापवा, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, बहुधा 80 ते 90 अंशांमध्ये, तो उघडायला लागला तर चांगला आहे. परत बसवा.

तुमची गाडी घाटात तापली तर सावलीला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. तोवर आठवून ठेवा: काटा कुठल्या वळणावर हलला, गिअर कोणता होता, पाणी आधी सांडलं की काटा आधी चढला. मेस्त्रीला आधी तेवढं सांगा, रेडिएटरचं नंतर बघू.