खिडकीकडे बघू नकोस

घरात रंगीत टीव्ही एकच, आणि संध्याकाळी त्यावर हक्क आईचा. त्यामुळे माझा झेडएक्स स्पेक्ट्रम जोडलेला असायचा माझ्या खोलीतल्या छोट्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला. साल १९८४, यॉर्कशायरमधलं इस्पितळाचं क्वार्टर. बाबा तिथे भूलतज्ज्ञ होते.

रबरी बटणांचा, ४८ के मेमरीचा तो कॉम्प्युटर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं १९८२ साली बाजारात आणला होता. गेम कॅसेटवर यायचे. 'जे' दाबलं की पडद्यावर 'लोड' असा अख्खा शब्द उमटायचा, मग टेपरेकॉर्डर सुरू करायचा आणि चार-पाच मिनिटं ती कर्कश किंचाळी ऐकत बसायचं. आवाजाचं बटण जरा इकडचं तिकडे झालं की ऐन शेवटी 'टेप लोडिंग एरर'. पुन्हा रिवाइंड.

सायॉन कंपनीचा 'फ्लाइट सिम्युलेशन' हा माझा लाडका गेम. पडद्याच्या वरच्या भागात विमानाची खिडकी, खाली डायल. खिडकीत काय, तर क्षितिजाची रेघ, एखादं तळं आणि धावपट्टीच्या दोन-चार रेषा, त्याही धक्के खात सरकणाऱ्या. शत्रू नाही, गोळीबार नाही. माझे मित्र 'मॅनिक मायनर'वाले. ते थोडा वेळ बघायचे आणि उठून जायचे. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, बघणाऱ्यासाठी हा गेम नव्हताच.

खरी गंमत त्या टीव्हीमुळे झाली. गेममध्ये आकाश निळसर आणि जमीन हिरवी. माझ्याकडे मात्र दोन्ही करडी, छटेत जेमतेम फरक. धावपट्टी समोर आहे म्हणून मी खाली उतरायचो आणि शेतात आपटायचो. एकदा ड्यूटीवरून आलेले बाबा दारात उभं राहून हे बघत होते.

"खिडकीकडे कशाला बघतोस? खाली एवढे काटे दिलेत ते काय शोभेला?"

मग तेच बसले. दिवसभर पेशंटची नाडी, रक्तदाब, श्वास बघणारा माणूस तो. एका काट्यावर नजर फार वेळ ठेवायची नाही हे त्यांना शिकवावं लागलं नाही. वेग, उंची, दिशा, परत वेग. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट अशी: उंची कमी पडतेय म्हणून नाक वर केलं की विमान क्षणभर चढतं खरं, पण वेग मरतो आणि मग ते दगडासारखं कोसळतं. उंची टिकवायची तर 'पी' दाबून इंजिनाची ताकद वाढवायची. मी नेमकं उलटं करत होतो.

मला टेक-ऑफ आवडायचं, पण बाबांनी ते कधी केलंच नाही. मेनूतून थेट 'फायनल अ‍ॅप्रोच' निवडायचे, फ्लॅप आणि चाकं खाली घ्यायचे आणि चहा निवायच्या आत विमान जमिनीवर. "झोपवणं सोपं असतं रे," म्हणायचे, "उठवायला डॉक्टर लागतो."

सायॉननं पुढे गेम सोडून खिशात मावणारे ऑर्गनायझर काढले, आणि त्यांच्या सॉफ्टवेअरमधूनच १९९८ नंतर नोकियाच्या फोनमधली सिम्बियन ही ऑपरेटिंग सिस्टीम आली. निवृत्तीनंतर बाबांनी तसला एक फोन घेतला. त्यातली बटणं त्यांना शेवटपर्यंत जमली नाहीत. "आपल्या विमानवाल्यांचा आहे," असं मात्र घरी येईल त्याला सांगायचे.